दाजींनी बसवलेला आवाज

५ जून १९८०, गुरुवार. तेहतीस अनारसे तळायचे होते. अधिक महिना चालू होता आणि संध्याकाळी नणंद आणि तिचे यजमान वाण घ्यायला येणार होते. अधिकात जावयाला दिवा लावलेल्या ताटातून तेहतीस अनारसे द्यायचे, ही आमच्या घरची रीत. सासूबाई गेल्यावर ती माझ्याकडे आली. तांदूळ भिजवणं, वाळवणं, कुटणं, गुळात मळून ठेवणं, सगळं आधी झालं होतं. त्या दिवशी फक्त खसखशीवर थापायचं आणि तुपात सोडायचं.

तूप तापलं की नाही हे मी ऐकून ठरवते. अनारसा पडला की आवाज बारीक आणि सलग यायला हवा. तुटक आला तर तूप थंड आहे. चरचरला तर कढई उतरवायची, नाहीतर अनारसा हसतो, म्हणजे फुटून तुपात पसरतो. त्या दिवशी एकही हसला नाही. तेहतीसचे तेहतीस जाळीदार उतरले. मी फार लक्ष देऊन तळले होते, कारण ते ताट मला दाजींच्या हातात सहजासहजी द्यायचं नव्हतं.

दाजी म्हणजे नणंदेचे यजमान. काळेवाडीला राहायचे आणि एका मोठ्या मोटार कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून आकार देतात त्या खात्यात, होते. मॅट्रिक झालेले, इंग्रजी अक्षर वळणदार. आमच्या घरात जावयाचा शब्द खाली पडत नसे, आणि दाजींना शब्द फार असत.

लग्नाआधीपासून मी भोसरीच्या एका रेडिओ कंपनीत होते. आधी सोल्डरिंगला, मग तपासणीच्या टेबलावर. तयार झालेला रेडिओ समोर यायचा, मी तो लावायची आणि काय बिघडलंय ते सांगायची. सुई फिरवून बघायची मीटरं होती, पण आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, मीटर नंतर, आधी हिला ऐकवा. बातम्या लागलेल्या असल्या तर मी फक्त निवेदकाचा ‘स’ ऐकायची. ‘सकाळ’, ‘सरकार’, ‘संसद’. सेट तीक्ष्ण असेल तर प्रत्येक ‘स’ला टाचणी लागल्यासारखं होतं. सेट बोथट असेल तर ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात. मला कायम करण्याचं पत्र निघणार होतं.

लग्न झालं, आणि वर्षभरात दाजींनी सासूबाईंना सांगितलं, “आमच्या खात्यात लोक इचारतात, मेव्हण्याची बायको शिफ्टला जाती का म्हणून. बरं दिसत न्हाई.” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याने चहाच्या कपाकडे बघितलं. नणंद तिथेच लसूण सोलत बसली होती, ती सोलत राहिली. राजीनामा दाजींनीच लिहून आणला, इंग्रजीत. कारण लिहिलं होतं, कानांच्या त्रासामुळे हे काम झेपत नाही. खाली साक्षीदार म्हणून त्यांची सही.

मी म्हटलं, “माझ्या कानांना काय झालंय?”

“काय न्हाई झालं. कारण काहीतरी द्यावं लागतंय. हे बरं, कोण पुढं इचारत न्हाई.”

मी वाचलं होतं, मला कळलं होतं, आणि मी सही केली. तेवढा भाग माझा. बाकीचा त्यांचा.

बारा वर्षं गेली. मुलं मोठी झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत कळलं की कंपनी आता टेपरेकॉर्डर आणि स्टिरिओ काढते आहे आणि तपासणीला जुन्या बायका हव्या आहेत. मी गेले. ऑफिसातल्या साहेबांनी फाईल मागवली, कागद काढला आणि वाचला. “बाई, कानांचा त्रास म्हणून गेलात आणि पुन्हा त्याच टेबलावर येता म्हणता? वर विचारतील मला.” मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “मग ज्यांची साक्षीदार म्हणून सही आहे, त्यांच्याकडून तसा खुलासा लिहून आणा. मी तुमची परीक्षा घेतो. जूनमध्ये माणसं घेऊन टाकणार, त्याच्या आत आणा.”

मी दाजींना सांगितलं. ते हसले. “काय वहिनी, आता या वयात? आणि मी काय खोटं लिहिलं होतं असं लिहून देऊ का? माझीबी कंपनी हाय, माझीबी इज्जत हाय.” मार्चमध्ये पुन्हा विचारलं. एप्रिलमध्ये पुन्हा. एप्रिलमध्ये ते म्हणाले, “आणि खरंच बिघडले असतील तर? बारा वर्षं भांडी आदळण्यात गेलीत. तुम्हाला स्टिरिओसुद्धा टोचतोय म्हणं.”

हा स्टिरिओ आमच्याकडे आदल्या दिवाळीला आला. नवऱ्याची फार वर्षांची हौस होती. तबकडी वाजवायचं यंत्र, स्पीकरचे दोन उभे खोके आणि ॲम्प्लिफायर, सगळं दाजींनी निवडलं, दाजींनी जोडलं. मग ट्रेबलचं बटण, म्हणजे बारीक आवाज कमीजास्त करायचं, हवं तिथे फिरवून त्यांनी वरची टोपी उपसून काढली आणि आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. “आता कुणी हात लावायचा न्हाई. एकदम परफेक्ट बसवलाय.” पहिलीच तबकडी भजनाची लावली. टाळ सुरू झाले आणि माझ्या दाढा शिवशिवल्या. बाई गायला लागली तर प्रत्येक ‘स’ला पत्रा कापल्यासारखं. मी म्हटलं, फार टोचतो. त्या वेळीही हसले होते. नवरा मला नंतर हळूच म्हणाला, टोचतो खरा. पण दाजींपुढे बोलला नाही.

टोपी नसली तरी आतली दांडी पकडीने फिरते. मी फिरवून बघितली. थोडा फरक पडला, पण मूळ ठणका गेला नाही. खोक्यांतले लहान स्पीकरच तिखट होते आणि त्यांच्या जोडीला ॲम्प्लिफायरही तसाच. खोके बदलणं शक्य नव्हतं, ते नवऱ्याच्या जिवाचे होते. ॲम्प्लिफायर बदलता आला असता.

मे महिन्यात मुलं माझ्या माहेरी गेल्यावर मी दापोडीला गेले. रेल्वे फाटकाजवळ एका चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या कंपनीतले लोक पूर्वी त्यांचं नाव काढायचे. मी एक खोका रिक्षात घालून नेला होता. चाचांनी तो लावला, आपल्याकडचे तीन ॲम्प्लिफायर मांडले आणि म्हणाले, “बोला बाई, काय ऐकायचंय?”

“बातम्या.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि रेडिओची वायर पहिल्या ॲम्प्लिफायरला जोडली. ठणका गेला, पण त्याबरोबर सगळंच गेलं. निवेदक गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटलं. मी मान हलवली. दुसरा आमच्या घरच्याचाच भाऊ. पहिल्याच ‘स’ला मी हात वर केला. तिसरा जुन्या रेडिओग्रामचे व्हॉल्व्ह काढून चाचांनी स्वतः बांधलेला, उघडाच होता, वर चार काचेच्या नळ्या. गरम व्हायला वेळ लागला. मग आवाज आला. ‘स’ होता, पूर्ण होता, पण टोक गोल झालं होतं. मागे थोडी घरघर होती. मी म्हटलं, “हा. पण घरघर काढा.”

“ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवतो, जाईल.” चाचा खूश झाले होते. “बाई, कान चांगला आहे. मग हा तिखट सेट घेतलात कशाला?”

“आमच्या दाजींनी बसवला.”

“काय करतात?”

“प्रेस शॉपला आहेत. अठरा वर्षं.”

चाचांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. “मग त्यांना बोल लावू नका. त्यांच्या कानाला हा बरोबरच वाजत असणार. प्रेसची, फोर्जिंगची माणसं येतात माझ्याकडे. सगळ्यांची एकच तक्रार, चाचा, रेडिओला धार नाही. मी आत दोन वस्तू बदलून देतो. ते दुवा देतात आणि त्यांच्या घरच्या बाया मला शिव्या देतात. दिवसभर पत्र्यावर घण पडतो बाई. पहिला बारीक आवाज जातो. माणसाला कळतच नाही गेला म्हणून. बोलणं ऐकू येतं, गाडी ऐकू येते. मग कशाला कळेल?”

 मला आठवलं, आमच्याकडे जेवायला बसले की दाजी कुकरची शिट्टी झाल्यावर नेहमी विचारायचे, अजून भात व्हायचाय का. मला आठवलं, नणंद त्यांच्याशी बोलताना कायम समोर येऊन, तोंड दाखवून बोलते. आणि मला तो कागद आठवला. कानांच्या त्रासामुळे.

मी विचारलं, “चाचा, या खोक्यातल्या मोठ्या स्पीकरची वायर काढली तर लहान एकटा वाजेल ना?”

“वाजेल. नुसती बारीक किरकिर वाजेल. का?”

“बघायचंय.”

“बघायचंय की दाखवायचंय?”

मी खोक्याच्या वायरी सोडवायला घेतल्या.  आठ दिवसांनी चाचांनी घरघर काढून ॲम्प्लिफायर दिला आणि म्हणाले, पसंत पडला तर ठेवा, नाहीतर आणून द्या.

मग मी नणंदेला निरोप धाडला, वाणाला याल तेव्हा दाजींच्या खात्यातल्या दोघा मित्रांनाही घेऊन या, त्यांना स्टिरिओ ऐकवू, दाजी सगळ्यांना त्याचं सांगत असतात. हे मी मुद्दाम केलं. माझ्या वेळी साक्षीदार होते, त्यांच्याही वेळी असायला हवे होते.

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी आणि वीजही सकाळची जाते ती चारपर्यंत येत नाही. दुपारी अनारसे झाल्यावर मी दोन्ही खोक्यांची मागची फळी काढली, मोठ्या स्पीकरच्या वायरी सुट्या केल्या, टोकांना चिकटपट्टी लावली आणि फळ्या परत बसवल्या. दाजींचाच ॲम्प्लिफायर, दाजींनीच ठेवलेला ट्रेबल, तो मी पकडीने परत होता तिथे आणला. चाचांचा शेजारी मांडला. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, “काय चाललंय?”

“वाणाची तयारी.”

पाच वाजता सगळे आले. दाजींचे मित्र दोघेही त्यांच्याच वयाचे. एकाच्या डाव्या हाताची दोन पेरं नव्हती. चहा झाला. दाजींनी व्हॉल्व्हचा सांगाडा बघितला आणि मित्रांना डोळा मारला. “हे काय वहिनी, जुन्या बाजारातनं काचसामान आणलं व्हय?”

“दाजी, मी म्हणते हा चांगला. तुम्ही म्हणता तुमचा. तुम्ही पाठ करून बसा. मी एक लावते. कोणता लागलाय ते ओळखा.”

“ह्यात काय वळखायचंय? पहिल्या टाळाला सांगतो.”

“अन् नाही सांगता आलं तर, राव?” पेरं नसलेला मित्र म्हणाला.

“न्हाई आलं तर वहिनी म्हणतील ते ऐकीन. झालं?”

“सगळ्यांनी ऐकलं,” मी म्हटलं. “तुम्हीही बसा भाऊ, तुम्हीही ओळखा.”

तिघे दरवाजाकडे तोंड करून खुर्च्यांवर बसले. वर पंखा फिरत होता. मी भजनाची तबकडी ठेवली आणि सुई टेकवली.

किरकिर सुरू झाली. गाणं नाही, ढोलकी नाही, नुसते टाळ, तेही वरच्यावर खरवडलेले, आणि मध्येमध्ये सुटे ‘स’. माझ्या नवऱ्याचा चेहरा आंबट झाला. स्वयंपाकघराच्या दारातून नणंद पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी कान झाकले.

दाजी मांडीवर हात ठेवून बसले होते. अर्धं मिनिट गेलं असेल. मग मान न वळवता म्हणाले, “लावा की वहिनी. किती येळ?”

“थांब राव, सुई पुसत असतील,” दुसरा मित्र म्हणाला.

“का बंद पडलं तुमचं काचसामान?” दाजी हसले. दोघे मित्रही हसले.

 वाजू दिलं. मला घाई नव्हती. नणंद माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. मी तिच्याकडे बघितलं आणि आवाज थोडा वाढवला. नवऱ्याने कानावर हात ठेवले. त्याच वेळी दाजी वैतागून मागे वळले. फिरणारी तबकडी त्यांनी बघितली. टेकलेली सुई बघितली. मग बायकोचे हात बघितले, कानांवरचे, आणि मेव्हण्याचे.

 किरकिर चालूच होती.

“वायर काढलीया तुम्ही,” दाजी म्हणाले.

“काढली आहे. मोठ्या स्पीकरची. लहान वाजतो आहे, तुमच्याच ॲम्प्लिफायरवर. बाकी सगळ्यांना ऐकू येतंय.”

“मला न्हाई येत,” पेरं नसलेला मित्र हळूच म्हणाला. तो उठून खोक्यापाशी गेला, कान लावला, तेव्हा त्याला काहीतरी लागलं. “हां. हाय. हाय काहीतरी.” मग सरळ उभा राहून म्हणाला, “म्हणजे पोरगी म्हणती ते खरं हाय तर.” पोरगी काय म्हणते ते त्याने सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं. त्याला मी साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, आणि त्याचाही न्याय झाला. दाजींचं मला वाईट वाटलं नाही.

मी सुई उचलली. आत जाऊन ताट आणलं. तेहतीस अनारसे, मध्ये दिवा, खाली लाल कापड. दाजी सवयीने उठून उभे राहिले आणि हात पुढे केले. मी ताट धरून ठेवलं.

“आधी खुलासा. मग वाण.”

“आता? ह्या माणसांत?”

“तेव्हाही माझी सही माणसांतच घेतली होती. मी म्हणेन ते ऐकायचं ठरलंय ना?”

वाण न घेता जावई घरातून गेला, तर काळेवाडीपर्यंतच्या वाटेत त्याला दहा जण विचारतात. मित्र तर बघतच होते. दाजींनी मेव्हण्याकडे बघितलं, की तो तरी बायकोला आवरेल. माझा नवरा स्टोअरमधला कारकून, शर्टाच्या खिशाला कायम पेन. बारा वर्षांत त्याने या विषयावर एक शब्द काढला नव्हता. त्याने पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुढे केलं. “लिहा दाजी.”

लिहिलं. त्याच वळणदार इंग्रजी अक्षरात. राजीनाम्यात दिलेलं कानांच्या त्रासाचं कारण खरं नव्हतं, ते मी सुचवलं होतं, यांची श्रवणशक्ती उत्तम आहे हे मला स्वतःला ठाऊक आहे. एका शब्दाचं स्पेलिंग अडलं, ते मी सांगितलं. तेवढा वेळ मी ताट हातात घेऊन उभी होते. सही झाल्यावर कागद घडी करून कमरेला खोचला आणि ताट दिलं. वाकून नमस्कारही केला. रीत ती रीत.

नणंद भांडी ठेवायला आत आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, “मला ठाऊक होतं गं. किती वर्षं सांभाळून नेलं मी. तू एवढ्या माणसांत...”

“वन्सं, त्या दिवशी तुम्ही तिथेच लसूण सोलत होता,” मी म्हटलं.  उरलेलं पीठ डब्यात भरून मी तिला दिलं.

ते गेल्यावर वायरी परत जोडल्या आणि चाचांचा ॲम्प्लिफायर लावला. तीच तबकडी. टाळ टाळासारखे वाजले. नवरा खुर्चीत बसून पूर्ण बाजू ऐकून उठला आणि म्हणाला, “चांगला निवडलास.” मी तेव्हा दाजींचा ॲम्प्लिफायर फडक्यात गुंडाळून पिशवीत भरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पिंपरीच्या थांब्यावर गेले. दाजींच्या कंपनीची बस तिथून सुटते, आणि प्रेस शॉपची सगळी माणसं तिथे डबे घेऊन उभी असतात. कालचे दोघेही होते. कालची गोष्ट तिथे आधीच पोचली होती, हे मला बघितल्यावर पडलेल्या शांततेवरून कळलं. दाजी कडेला होते. मी त्यांच्यासमोर गेले, तोंड दिसेल अशी उभी राहिले आणि सावकाश, स्पष्ट म्हटलं, “दाजी, तुमचा ॲम्प्लिफायर. बटणाची टोपी तुमच्याकडे आहेच.”

पिशवी त्यांच्या हातात दिली. जड होती. तेवढ्यात बस आली, त्यामुळे ती घरी नेऊन ठेवायला त्यांना वेळ नव्हता. खिडकीतून मला दिसलं, ती त्यांनी मांडीवर घेतली होती आणि शेजारचा माणूस वाकून आत काय आहे ते बघत होता.

बस गेल्यावर मी रस्ता ओलांडला, पर्समधला कागद एकदा चाचपला आणि भोसरीची बस पकडली.